खोटा ऑल राइट

बाईंच्या गाडीची गोष्ट निघाली की मी पाणी प्यायला उठतो. नरपडमध्ये आता हे सगळ्यांच्या सवयीचं झालं आहे. म्हाताऱ्याचा घसा सारखा कोरडा पडतो, असं समजतात. बरीच वर्षं मी असाच उठत आलो.

गेल्या महिन्यात मात्र उठता आलं नाही. बाईंच्या जुन्या विद्यार्थिनींनी त्यांच्या फोटोला हार घालायचा कार्यक्रम केला आणि त्यांचा जुना भाडेकरू म्हणून मला पुढच्या रांगेत बसवलं. एक विद्यार्थिनी बोलायला उभी राहिली. आता ती स्वतःच शिक्षिका आहे. बाईंचं भरभरून कौतुक करून झाल्यावर ती हसत म्हणाली, "एवढ्या हुशार आमच्या बाई, पण चांगल्या गाडीवर प्रयोग केला आणि गाडीच घालवून बसल्या." सगळे हसले. प्रेमानंच हसले. त्यांच्याबरोबर मीही हसलो. माझं हसू माझ्याच कानावर पडलं आणि मी खुर्चीत बसल्या बसल्या गार पडलो. म्हणून हे लिहितो आहे.

रेल्वेत मालगाडीचा गार्ड म्हणून निवृत्त झालो. त्यानंतर वर्षभरातच बायको गेली. डहाणू रोडच्या क्वार्टरमधून निघालो तेव्हा कुणीतरी नरपडच्या या चिकूवाडीतल्या दोन खोल्या सुचवल्या. घरमालकीण म्हणून बाईंनी मला पहिला प्रश्न विचारला तो भाड्याचा नव्हता. आंघोळीला पाणी कसं लागतं, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, गरम.

"गरम म्हणजे किती?"

मला वाटलं थट्टा करताहेत. त्यांनी चष्म्याच्या घरातून थर्मामीटर काढला आणि माझ्या उत्तराची वाट बघत उभ्या राहिल्या. त्या चष्म्याच्या घरात चष्मा कधीच नसायचा. तो कपाळावर असायचा, नाहीतर हरवलेला असायचा. थर्मामीटर मात्र कायम जागेवर. चहाच्या कपात, विहिरीच्या पाण्यात, चिकूच्या आढीत, कुणाच्या कपाळाला, सगळीकडे तो लागायचा. "आज फार उकडतंय" असं त्यांच्यासमोर म्हणायची सोय नव्हती. सगळी नोकरी त्यांनी मुलींना विज्ञान शिकवण्यात घालवली होती आणि निवृत्त झाल्या तरी वर्ग सुटलेला नव्हता. फक्त वर्गात आता मी एकटा होतो.

लहानपणी पोलिओ होऊन त्यांचा डावा पाय वाळला होता. काठी घेऊन चालायच्या, पण काठी टेकल्याचा आवाज झालेला त्यांना खपायचा नाही. म्हणून तिच्या टोकाला सायकलच्या ट्यूबचा तुकडा बांधलेला होता. त्या पायामुळे क्लच दाबता येत नाही, म्हणून गाडी ऑटोमॅटिक. एवढं मला समजत होतं. पण ती गाडी परदेशी बनावटीची, सहा सिलिंडरची, शर्यतीच्या घोड्यासारखी कशाला हवी, ते समजत नव्हतं. मुंबईतल्या कुणाकडून त्यांनी ती जुनी विकत घेतली होती. पहिल्यांदा तिच्यात बसलो तेव्हा नरपड ते डहाणू हा रस्ता मी पाहिलाच नाही. डोळे मिटून घेतले होते. उतरल्यावर मी धीर करून म्हणालो की बाई, जरा हळू चालवली तर.

"हळू चालायला माझा पाय आहे ने," त्या म्हणाल्या. "गाडी कशाला घेऊ मग?"

हे "ने" त्यांच्या घरच्या गुजरातीतून आलं होतं. घरात गुजराती, शाळेत मराठी, ट्रकवाल्यांशी हिंदी. रागावल्या की तिन्ही एकदम.

त्यांना माझ्या नोकरीतली एकच गोष्ट आवडली. गाडी स्टेशनातून सुटली की गार्ड मागून हिरवं निशाण दाखवतो आणि ड्रायव्हर पुढून दाखवतो. मागचं सगळं ठीक आहे, पुढचं सगळं ठीक आहे, असं दोघांनी एकमेकांना सांगायचं. याला आमच्यात ऑल राइट देणं म्हणतात. हे ऐकल्यावर बाई दोन दिवस खूश होत्या. तिसऱ्या दिवसापासून मी 'गार्डसाहेब' झालो. गाडी काढायच्या आधी मी तिच्याभोवती एक फेरी मारायची, चाकं, दारं, मागची डिकी बघायची आणि हात वर करून "ऑल राइट" म्हणायचं. तोवर त्या गिअर टाकायच्या नाहीत. एकदा मला ताप होता, तर खिडकीतून ऑल राइट देववला, तोही आधी ताप मोजून.

मी त्यांना म्हणालो होतो, बाई, आमच्यात खोटा ऑल राइट देणाऱ्याला क्षमा नाही. हे मीच म्हणालो होतो.

त्यांचा दुसरा एक नियम होता. वर्गात कुणी सॉरी म्हणायचं नाही. पहिल्याच वर्षी माझ्या हातून त्यांचा एक थर्मामीटर फुटला. पाऱ्याचे गोळे फरशीभर पळाले. मी ओशाळून सॉरी म्हणत राहिलो. त्यांनी मला हात लावू दिला नाही. काठी टाकून फरशीवर बसल्या, कागदाच्या कडेनं एकेक गोळा स्वतः गोळा केला आणि मग माझ्याकडे बघितलं.

"सॉरी खिशात ठेवा, गार्डसाहेब. काय मोडलं आणि कसं मोडलं, ते सांगा. सॉरीनं काही दुरुस्त होत नाही. ते सांगितल्यानं होतं."

त्या स्वतःही कधी माफी मागायच्या नाहीत. बाजारात कुणाला काठी लागली तर "काठी लागली" एवढंच म्हणायच्या. लोकांना तो उद्धटपणा वाटायचा.

तलासरीच्या पुढे, उधव्याच्या बाजूला, डोंगरात मुलींची एक आश्रमशाळा होती. बाई आठवड्यातून दोनदा तिथं विज्ञान शिकवायला जायच्या, बिनपगारी. एसटीच्या पायऱ्या त्यांना चढता येत नव्हत्या, त्यामुळे ती गाडी होती म्हणूनच ती शाळा होती. बहुतेक वेळा मी सोबत असायचो. मुलींना त्या एकेक थर्मामीटर द्यायच्या आणि डोंगराची सकाळची बाजू जास्त तापते की दुपारची, ते मोजून आणायला पिटाळायच्या. मुली धावत सुटायच्या. बाई व्हरांड्यात काठीवर हनुवटी टेकून त्यांना पळताना बघत बसायच्या. त्या वेळी त्यांच्या चेहऱ्याकडे बघायला मला अवघड व्हायचं.

त्याच रस्त्यावर गाडी कुरकुरायला लागली. हायवेवर वाऱ्यासारखी पळायची, पण तलासरीला कंटेनरच्या रांगेत अडकून पुढे चढाला लागली की गिअर बदलताना धक्के द्यायची. ऑटोमॅटिक गाडीत क्लचचं काम तेल करतं आणि हळू चढावर ते तेल तापतं. एका दुपारी गाडी चढावरच थांबली आणि बाई उन्हात बसून राहिल्या, मदत येईपर्यंत. ही बातमी बोरिवलीला त्यांच्या भाच्याकडे पोचली.

भाचा वाईट माणूस नव्हता. त्याला आत्या हवी होती, सुरक्षित आणि डोळ्यांसमोर. तो येऊन म्हणाला, आत्या, पुरे आता, गाडी विकू, तू आमच्याकडे चल. बाईंनी त्याच्यापुढे हात केला. म्हणाल्या, मी तेलाचा कुलर बदलते. बदलल्यावर तू ये. भर उन्हात, भरलेल्या गाडीनं तोच चढ तुझ्यासमोर चढून दाखवते. गाडी थांबली तर किल्ली तुझी आणि मीही तुझी. नाही थांबली तर हा विषय पुन्हा काढायचा नाही. त्यानं हसत हातावर हात दिला. मी तिथंच चिकू निवडत बसलो होतो. बाई असल्या शर्ती मोडणाऱ्यांतल्या नव्हत्या.

ट्रान्समिशन कुलर म्हणजे गिअरचं तापलेलं तेल गार करणारं, रेडिएटरचंच धाकटं भावंड. कंपनीनं ही सोय रेडिएटरच्याच पोटात केली होती. इंजिनाच्या तापलेल्या पाण्यातून तेलाची नळी जायची आणि त्यात ते तेल गार व्हावं अशी अपेक्षा. बाईंच्या मते हे तापकऱ्याला उन्हात निजवून ताप उतरायची वाट बघण्यासारखं होतं. त्यांनी परदेशातून एक मोठा कुलर मागवला. अॅल्युमिनियमच्या चपट्या थरांचा, पाटाएवढा, मागे स्वतःचा पंखा असलेला. तो रेडिएटरच्या पुढे, तोंडावरच्या जाळीमागे बसवायचा. म्हणजे समोरून येणारा वारा आधी त्याला.

तलासरीला हायवेवर एक मिस्त्री होता. तो मुख्यतः ट्रकची कामं करायचा. बाई खुर्ची टाकून त्याच्या डोक्याशी बसल्या. तो म्हणाला, "बेन, कंपनीनं दिलंय ते काय वेड्यांनी दिलंय?"

"वेड्यांनी नाही, थंड देशातल्या लोकांनी दिलंय," बाई म्हणाल्या.

मग त्यानं सुचवलं की जुनाही राहू द्या, तेल दोन्हींतून फिरवू. बाईंनी नाही म्हटलं. एक काम एकानं करावं, दोघांवर सोपवलं की दोघंही करत नाहीत. जुनी नळी बंद झाली, सगळं तेल नव्या कुलरमधून फिरू लागलं. तेलाचं तापमान दाखवणारी एक तबकडी डॅशबोर्डवर बसली. तिच्यावर धोक्याच्या आकड्यापाशी बाईंनी नेलपॉलिशनं लाल रेघ मारली. त्यांनी आयुष्यात नेलपॉलिश वापरलेलं मी तेवढंच पाहिलं.

काम झालं, गाडी सुरू झाली, सुई खाली राहिली. मिस्त्रीनं खुशीत समोरच्या जाळीला लिंबू-मिरची बांधली. बाईंनी काठीच्या टोकानं ती तिथल्या तिथं उडवली. "त्याला हवा पाहिजे, मिरची नको. या जाळीवर काहीही बांधायचं नाही. कुणीही." शेवटचा शब्द म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नव्हतं. मीच खाली पाहिलं.

कारण माझ्या मनात आधीच काहीतरी होतं. आमच्या घरची रीत अशी, की नवी वस्तू आली की देवीच्या ओटीच्या खणाचा तुकडा तिला बांधायचा. सायकल, शिलाई मशीन, मोटरपंप. माझ्या गार्डाच्या पेटीच्या कडीलाही असा तुकडा होता आणि मी हातीपायी धड निवृत्त झालो तो त्याच्यामुळेच, असं माझ्या बायकोचं पक्कं मत होतं. चैत्रातली महालक्ष्मीची जत्रा भरली होती. शर्तीच्या आधी मी एसटीनं जाऊन आलो. देवीला काय सांगितलं ते आठवतं: बाईंना इथंच राहू दे. पुजाऱ्यानं ओटीतला हिरवा खण दिला. त्याचा तुकडा फाडायला घेतला, पण तो मला लहान वाटला. गाडी मोठी, वेग मोठा, शर्त मोठी. मी अख्खा खण घडी घालून, बंपरच्या खालून हात घालून जाळीच्या आत ठेवला आणि दोऱ्यानं बांधला. बाहेरून दिसत नव्हता. बाई वाकू शकत नव्हत्या, हे मी हिशेबात धरलं होतं. त्या रात्री मला फार शांत झोप लागली.

शर्तीच्या दिवशी बाईंनी डिकीत आणि मागच्या सीटवर चिकूचे क्रेट रचले. चाचणी म्हणजे चाचणी. भाचा त्याच्या गाडीतून मागे. मी फेरी मारली, हात वर केला, ऑल राइट. माझं काम सुई वाचायचं होतं.

तलासरीपर्यंत सुई खालीच होती. बाई गाणं गुणगुणत होत्या. त्या गुणगुणतात हे मला तोवर माहीत नव्हतं. तलासरीला कंटेनरच्या मागे रेंगाळलो तेव्हा सुई चढली. मी आकडा सांगितला. "चढू दे, पंखा आहे," त्या म्हणाल्या. पंखा फिरत होता, आम्हा दोघांना ऐकू येत होता. पुढे चढ लागला. मी आकडे सांगत गेलो आणि प्रत्येक आकड्याला बाईंचं गुणगुणणं कमी होत गेलं. सुई लाल रेघेला टेकली. मग ती रेघ सुईखाली झाकली गेली. जळक्या तेलाचा वास आला, इंजिन ओरडू लागलं आणि गाडी मात्र पुढे सरकेना. बाईंनी ती कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं.

त्या स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसल्या. मग शांतपणे म्हणाल्या, "गार्डसाहेब, पुढं जाऊन जाळी बघा. पान, पिशवी, काही अडकलंय का."

मी उतरलो. पुढे गेलो. वाकलो.

दोरा सुटला होता. पंख्यानं आतून ओढून खण उलगडला होता आणि कुलरच्या तोंडावर चापून बसवला होता. ओली ओढणी तोंडावर पडावी तसा. पाटाएवढा कुलर आणि त्यावर काठोकाठ हिरवा खण. जणू मापानं शिवून घातला होता. मला आधी कळलंच नाही की मी काय बघतोय. मग एवढंच कळलं की हे मी केलंय. कानात शिट्टीसारखा आवाज व्हायला लागला.

मागे भाच्याच्या गाडीचं दार वाजलं. मी खण ओढून काढला आणि पँटच्या खिशात कोंबला. तो इतका तापला होता की त्याच्या जरीच्या काठाचा चटका मांडीला बसला.

"गार्डसाहेब?" काचेमागून बाईंनी विचारलं.

मी सरळ उभा राहिलो. हात वर केला.

"ऑल राइट, बाई."

त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, असं मी अनेक वर्षं स्वतःला सांगत आलो. खरं काय ते मला माहीत नाही. पण त्यांना दुसऱ्यांदा विचारायचं कारणच नव्हतं. गार्डानं ऑल राइट दिला होता.

भाचा खिडकीशी आला. बाईंनी किल्ली काढून त्याच्या हातावर ठेवली आणि म्हणाल्या, "माझा विचार चुकला. जुनी नळी बंद करायला नको होती. मिस्त्री सांगत होता." मग त्या माझ्याकडे वळल्या. "माफ करा, गार्डसाहेब. तुम्हाला उन्हात उभं केलं."

त्या दिवशीचा सगळ्यात मोठा धक्का मला विचाराल तर हा. खण नव्हे. बाई माफी मागत होत्या, तीही माझी, आणि माझ्या खिशात तो खण अजून गरम होता.

महिन्याभरात त्या बोरिवलीला गेल्या. वाडी भाच्यानं सांभाळायला दिली, मला राहू दिलं. जाताना त्यांनी मला एक थर्मामीटर दिला. आश्रमशाळेच्या मुली काही दिवस रस्त्यावर येऊन बघायच्या, असं मिस्त्रीनं सांगितलं.

गाडी मिस्त्रीनंच घेतली होती. गिअरबॉक्स उघडून नीट केली आणि उधव्याकडच्या एका वीटभट्टीवाल्याला विकली. वर्षभरानं मिस्त्री मला तलासरीच्या बाजारात भेटला. म्हणाला, "साहेब, अजब आहे. तोच कुलर, तीच जोडणी, मी काही बदललं नाही. तो माणूस रोज चढतो तो चढ. सुई हलत नाही. त्या दिवशी काय झालं असेल?" मला एसटी गाठायची आहे असं सांगून मी निघालो. एसटीला अजून बराच वेळ होता.

बाईंना मी एकदाच भेटलो. चिकूची पेटी घेऊन बोरिवलीला गेलो. वाटेत सगळी वाक्यं पाठ केली. त्या खूप उंचावरच्या मजल्यावर, खिडकीशी, पलंगावर होत्या. खिडकीच्या गजाला थर्मामीटर टांगलेला होता. पाय चादरीखाली होते आणि काठी कुठे दिसली नाही. भाच्याची बायको चहा ठेवून गेली. बाईंनी चहात थर्मामीटर घातला नाही, तसाच प्यायला.

मग त्यांनी कप खाली ठेवला. "एक विचारू? रोज विचार करते. तेल कुठं तापलं असेल? माप बरोबर होतं. पंखा चालू होता, आपण ऐकला. हवा अडली असती तर समजलं असतं, पण जाळी तर तुम्ही बघितली होती."

त्यांना गाडी परत नको होती, वाडी नको होती. काय मोडलं आणि कसं मोडलं, एवढंच हवं होतं. उत्तर माझ्याकडे होतं आणि ते सांगायलाच मी आलो होतो.

"ऊन फार होतं, बाई," मी म्हणालो.

"ऊन मी हिशेबात धरलं होतं," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "डोकं चालेनासं झालं असेल माझं तेव्हाच. जाऊ द्या ने."

निघताना मी दारात वळलो. त्यांनी पलंगावरून हात थोडा उचलला. लवकर माझ्या ध्यानात आलं नाही. मग आलं. निघणाऱ्या गाडीला देतात तसा तो ऑल राइट होता आणि त्या माझ्या उत्तराची वाट बघत होत्या. मी हात वर केला.

पावसाळ्याच्या आधी भाच्याचा फोन आला की आत्या गेली.

खण माझ्याकडे आहे. देवीला परत करायचं धैर्य झालं नाही, टाकवतही नाही. मधोमध कुलरच्या पट्ट्यांचे आडवे डाग आहेत, ओळी आखल्यासारखे. गेल्या महिन्यात बाईंच्या विद्यार्थिनींबरोबर मी हसलो तेव्हाही तो घरी कपाटात होता.

बाई, सॉरी म्हणत नाही. काय मोडलं आणि कसं मोडलं ते सांगतो. जाळीत खण होता. मी बांधला होता. हवा तिथं अडली. तुमचं माप बरोबर होतं, तुमचा कुलर बरोबर होता, तुमचं डोकं शेवटपर्यंत चालत होतं. मी वाकून सगळं पाहिलं, आणि ऑल राइट नव्हतं.